विरार गाडीत बलबीर पाशा

चप्पल काढून हातात घ्या. पुढं घोटाभर चिखल आहे आणि त्यात चपलेचा पट्टा हमखास तुटतो.

तुम्ही विरारच्या चंदनसारमध्येच आहात, फक्त साल 1985च्या आसपासचं आहे. आज जिथं इमारतींचे जिने चढताना धाप लागते तिथं भाताची खाचरं आहेत, मध्येच एखादा तबेला, शेणाचा आणि ओल्या गवताचा वास. जीवदानीचा डोंगर निम्मा ढगात. संध्याकाळ झाली की बेडकांचा असा काही गलका उठतो की शेजारचा काय बोलतोय ते कळत नाही. पण तुमचं यातल्या कशाकडेच लक्ष नाही, कारण तुमच्या अंगात सणसणून ताप आहे. काढा पिऊन झाला, अंगारा लावून झाला. आता डॉक्टर.

दवाखाना म्हणजे एक खोली आणि मधोमध हिरवा पडदा. बाकावर जागा नाही म्हणून तुम्ही भिंतीला टेकून उकिडवे बसता. आतून स्पिरिट आणि रॉकेलचा एकत्र वास येतो. स्पिरिट दंडाला लावायचं, रॉकेल स्टोव्हचं. स्टोव्हवर स्टीलचा डबा, त्यात उकळतं पाणी, पाण्यात काचेच्या सिरिंजा एकमेकींवर आपटून किणकिणताहेत. कंपाउंडर बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवून लाल औषध ओततोय. पडद्यामागून एकच मागणी पुन्हा पुन्हा ऐकू येते, "डॉक्टर, सुई मारा. गोळ्यांनी काय होत नाय."

गर्दी वाढते. सुई नीट निर्जंतुक व्हायची तर वीसेक मिनिटं खळखळून उकळावी लागते. पण सुया मोजक्या, माणसं दारापर्यंत. मग उकळणं बुडवण्यावर येतं आणि बुडवणं नुसतं विसळण्यावर. तुमचा नंबर लागतो. बाही वर. सुई बोथट आहे, कातडीत शिरताना अडते, मग खसकन आत जाते. डोळ्यांत पाणी येतं. डॉक्टर पाठीवर थाप मारून म्हणतात, "झालं, झालं." भला माणूस आहे. रात्री-अपरात्री चिखल तुडवत घरी येणारा.

तुमच्या आधी आत गेलेला माणूस आठवतोय? धडधाकट, हसरा, नुसता खोकल्यासाठी आलेला. त्याच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे आणि हे त्याला स्वतःलाही ठाऊक नाही. सुईच्या पोकळीत उरलेलं त्याचं रक्त डोळ्यांना दिसतही नाही, पण या विषाणूला तेवढं पुरतं. शरीराबाहेर, सुकलेल्या डागातसुद्धा तो किमान सात दिवस जिवंत राहतो. तुमचा ताप उद्या उतरेल आणि तुम्ही सुईला दुवा द्याल. सुईनं आणखी काय दिलं असेल, त्याचा पत्ता लागायला वीस वर्षंही लागू शकतात.

मग समजा, महिन्या-दोन महिन्यांनी शेजाऱ्याला कावीळ झाली. त्याच्याबरोबर तुम्हीही कावीळ उतरवणाऱ्याकडे जाता. अंगणात पाट. रुग्णाच्या हातांना आंब्याच्या सालीचा रस चोळलेला, वर चुन्याची निवळी. हात धुताच परातीतलं पाणी हळदीसारखं पिवळं होतं. बघणारे "उतरली, उतरली" म्हणून सुस्कारा सोडतात. पिवळा रंग साल आणि चुना यांचा. यकृतातून काहीच बाहेर आलेलं नाही. तरीही त्या माणसाची कीर्ती पंचक्रोशीत आहे आणि त्याला कारण आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, बहुतेकांची आपोआप बरी होते. श्रेय परातीला मिळतं. रक्तातून येणारी बी आणि सी ही जात वेगळी. ती पुष्कळदा डोळे पिवळे न करताच यकृतात ठाण मांडते. तिच्यासाठी इथं कुणी येतच नाही, कारण ती कुणाला दिसतच नाही.

या सगळ्या प्रवासात मला तुम्हाला दाखवायचं आहे ते हेच. माणसं डोळ्यांवर विश्वास ठेवतात आणि हे आजार डोळ्यांना चुकवून येतात.

दसरा आला. जीवदानीच्या पायथ्याशी जत्रा. तळलेल्या भज्यांचा धूर, नारळाच्या शेंड्या पायाखाली, पिपाण्यांचा कल्लोळ. एका चादरीवर गोंदणारा बसलाय. बॅटरीवर चालणारं त्याचं यंत्र भुंग्याच्या आवाजात गुणगुणतं. रांगेतल्या पोरीच्या दंडावर तुळस, मग एका जोडप्याच्या हातांवर एकमेकांची नावं, मग तुमच्या मनगटावर ॐ. सुई तीच, शाईची वाटीही तीच, मध्ये एक फडकं फिरवलेलं. झोंबतंय ना? पुढं न्हाव्याकडे गेलात तरी वस्तरा चामड्यावर घासला जातो आणि आधीच्याच्या गालावरून तुमच्या गालावर येतो. गाल कापला तर तुरटी आहेच. नवं ब्लेड मागायचं असतं, हे अजून कुणाला सुचलेलं नाही.

चला, आता सतरा वर्षं पुढं. 2002चा हिवाळा. सकाळची वेळ, विरार स्टेशन. पाकीट पुढच्या खिशात घ्या.

चर्चगेट फास्ट फलाटाला लागतेय आणि तुम्हाला चढायचं नाहीये, तुम्हाला चढवलं जाणार आहे. गाडी थांबायच्या आतच अर्धी भरते. उरलेल्या सीटवर नालासोपाऱ्याहून उलटे आलेले लोक आधीच बसलेत. कुणाचं कोपर बरगडीत, कुणाची डब्याची पिशवी पोटात, मानेवर कुणाचा तरी गरम श्वास. खोबरेल तेल, घाम, अगरबत्ती, पुढच्या डब्यातून येणारा मोगऱ्याचा आणि मासळीचा वास. भजनी मंडळानं खिडकीशी टाळ काढलेत. वसई सुटली, पत्त्यांचा डाव मांडला गेला.

मान वर करा, तेवढीच हालचाल शक्य आहे. छताजवळ बाबा बंगालींची स्टिकरं आहेत, गुप्तरोगाचा शर्तिया इलाज सांगणाऱ्यांची आहेत. आणि त्यांच्या पंक्तीत एक नवी जाहिरात, साधा रोखठोक प्रश्न विचारणारी: "बलबीर पाशा को एड्स होगा क्या?"

"कोण रे हा पाशा?" तुमच्या खांद्यावरून कुणीतरी विचारतं.

"आमच्या ऑफिससमोर पण लागलंय. बसवर पण."

"अरे पण होईल का त्याला?"

"आता मला काय विचारतोस, मी डॉक्टर आहे?"

हशा पिकतो. पण बघा, काय झालं ते. ज्या डब्यात बायकोच्या बाळंतपणाबद्दलही आवाज खाली करून बोलतात, त्या डब्यात सत्तर-ऐंशी पुरुष एड्स हा शब्द मोठ्यानं उच्चारताहेत. कुणावर बोट न ठेवता, एका न पाहिलेल्या माणसाच्या आडून. पॉप्युलेशन सर्व्हिसेस इंटरनॅशनल या संस्थेनं मुंबईत चालवलेली ही मोहीम. बलबीर कधी दिसत नाही, दोघं-तिघं त्याच्याबद्दल बोलत असतात. एका जाहिरातीत तो दारू प्यायला की निरोध विसरतो. दुसरीत तो फक्त मंजुलाकडेच जातो, पण मंजुलाकडे दुसरेही जातात. तिसरीत समोरची व्यक्ती तब्येतीनं ठणठणीत दिसते, मग भीती कसली? प्रत्येक वेळी तोच प्रश्न. खाली हेल्पलाइनचा नंबर. संध्याकाळी टेलिफोन बूथमध्ये काचेचा दरवाजा घट्ट ओढून घेणारे कितीतरी जण असतील.

एक गोष्ट मात्र मला या मोहिमेत खटकते, ती सांगतोच. मंजुलाचं नाव घेतलं गेलं आणि ऐकणाऱ्याच्या मनात रोगाला बाईचा चेहरा चिकटला. मंजुलाला तो कुणी दिला, हे कुठल्याच फलकावर नव्हतं. त्या काळी तर कितीतरी घरच्या बायकांना हा विषाणू लग्नाच्या नवऱ्याकडून मिळाला. त्यांनी उंबरठाही ओलांडलेला नव्हता.

ग्रँट रोड. उतरा. याच गाडीनं पुढच्या चर्नी रोडला गेला असतात तर गिरगाव लागलं असतं. तिथं 1921 साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचं केंद्र उघडलं होतं. गणिताचा प्राध्यापक, अंगात तर्कशुद्धपणा मुरलेला. 'गुप्तरोगांपासून बचाव' नावाचं पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं, तेव्हा पेनिसिलिन यायचं होतं आणि गरमीवर, म्हणजे सिफिलिसवर, पारा किंवा सोमलाची इंजेक्शनं चालत होती. या कामापायी त्यांची विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. एका खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मासिक 1927 पासून त्यांच्या मरणापर्यंत, 1953 पर्यंत चाललं. डब्यातल्या पुरुषांना आज जे बोलता आलं ते बोलण्यासाठी एका मराठी माणसानं सगळं आयुष्य खर्ची घातलं होतं. विरार गाडीतल्या फार थोड्यांना हे माहीत असेल.

आता पूर्वेला चाला. कामाठीपुरा. दुपारची वेळ, म्हणून गल्ली जागी होतेय. चहाच्या टपरीवर स्टोव्ह फरफरतोय, गटारावरून वाफ येतेय, वर दोरीवर परकर आणि लहान मुलांचे कपडे. लाकडी जिना इतका अरुंद की खांदे तिरके करून चढावं लागतं. आत दमट काळोख, पावडर आणि फिनेलचा वास. छोट्याशा खोलीत आठ-दहा जणी दाटीवाटीनं बसल्यात. मधे एक ताई, खांद्याला झोळी. झोळीत निरोधची पाकिटं आणि एक लाकडी मॉडेल. ती ते जमिनीवर ठेवते आणि कसं चढवायचं, टोकाची हवा कशी काढायची, उतरवून कुठं टाकायचं, ते करून दाखवते. कुणी लाजत नाही. लाजतो आहोत ते तुम्ही आणि मी.

ताई याच गल्लीतली आहे. बाहेरून शिकवायला आलेल्यांना इथं नुसता चहा मिळतो. तिला प्रश्न मिळतात. "गिऱ्हाईक जादा पैसे देतो म्हणतो, बिगर निरोधचं. मग?" "घरवाली म्हणते धंदा खोटी करू नको." ताई सांगते, एकीनं नकार दिला तर तो शेजारच्या खोलीत जाईल. सगळ्यांनी दिला तर जाणार कुठं? मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून ठरवायचं. तुमच्या समोर बसलेल्या या बायकांकडे नीट बघा. त्या वर्षांतल्या सरकारी पाहणीत मुंबईतल्या वेश्याव्यवसायातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात एचआयव्ही सापडत होता. यांच्यातल्या कुणाच्या, ते तुम्हाला चेहऱ्यावरून सांगता येणार नाही. त्यांनाही येत नाही.

हीच रीत सांगलीत आधीच रुजली होती. संग्राम संस्थेनं 1992 मध्ये गोकुळनगर वस्तीत काम सुरू केलं तेव्हा निरोध वाटायचं काम तिथल्याच बायकांच्या हाती दिलं. पुढं त्यांनी स्वतःची संघटना उभी केली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. मला विचाराल तर या साथीला महाराष्ट्रात खरा लगाम घातला तो अशा बायकांनी. फलक आणि रेडिओ गर्दीपर्यंत पोचले. बंद दाराआड, गिऱ्हाइकासमोर 'नाही' म्हणायचं काम यांनी केलं.

वस्तीला लागूनच बेलासिस रोड. तिथं सिप्ला कंपनीचं कार्यालय. 2001 साली याच कंपनीनं आफ्रिकेत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेला एचआयव्हीवरच्या तीन औषधांचा वर्षभराचा डोस 350 डॉलरला देऊ केला आणि जगभरातल्या किमती कोसळल्या. पण दिवसाला एक डॉलरसुद्धा या जिन्यावरच्या बाईला झेपणारा नव्हता. 2002 मध्ये तिला सरकारकडून फुकट मिळत होतं ते निरोध, सल्ला आणि तपासणी.

तपासणीलाही जाऊन येऊ. सरकारी रुग्णालयातली एक खोली, दोन खुर्च्या, टेबलावर पुठ्ठ्याचा फ्लिपचार्ट, दाराला पडदा. पंखा कर्रकर्र करतोय. समुपदेशक बाई रक्त घेण्याआधी बोलत बसतात, हे तुम्हाला नवीनच. शेवटचा धोका कधी घेतला होता? विषाणू शिरल्यानंतर काही आठवडे तपासणीत सापडत नाही, म्हणून तीन महिन्यांनी परत यायचं. रिपोर्ट तुमच्याच हातात, पाकिटात. बाहेरच्या बाकावर एक गरोदर मुलगी बसलीय, नवीन हिरवा चुडा, नखं कुरतडतेय. तिचा नवरा पान खायला म्हणून गेला तो परत आलेला नाही. तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर कळा सुरू झाल्यावर तिला नेविरापिनची एक गोळी देतील आणि बाळाला जन्मल्यावर त्याच औषधाचे थेंब. एवढ्यानं बाळाचा धोका साधारण निम्म्यावर येतो. तिच्यासाठी मात्र अजून काही नाही. तुम्ही तिच्याकडे बघता, ती नजर चुकवते. तुमचा हात आपोआप दंडावरच्या कापसाच्या बोळ्यावर जातो.

रात्र. परत चंदनसार, आणि तिथून थेट विरार फाटा. आठ नंबरचा महामार्ग. डिझेलचा धूर डोळ्यांत जातो, ढाब्याच्या तडक्यानं ठसका लागतो, थंडीत इंजिनांची ऊब पोटऱ्यांना लागते. खाटांवर ट्रकवाले आडवे झालेत. कुणी राजस्थानचा, कुणी पंजाबचा, घरून निघून महिना झालेला. त्या वर्षांत देशभर महामार्गांच्या थांब्यांवर आरोग्य कार्यकर्ते फिरत होते. इथं असा एक पोरगेला कार्यकर्ता टायरला टेकून बसलाय. भाषण करत नाही. चहा मागवतो, कुठला माल, कुठवर जाणार, ते विचारतो. मग हळूच, "उस्ताद, लघवीला जळजळ वगैरे?"

एक क्लीनर लांब जाऊन बसतो. थोड्या वेळानं तोच जवळ येतो. जखम आहे, दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष केलंय. कुणा वैदूनं शंभर रुपये घेऊन पुडी दिली. कार्यकर्ता त्याला समजावतो. न दुखणारी जखम गरमीची असू शकते. सुरुवातीलाच दवाखान्यात गेलास तर पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनच्या मात्रेत ती बरी होते. जखम उघडी असली की एचआयव्हीला आत शिरायला वाट मिळते. घरी गेलास की बायकोलाही तपासायचं, नाहीतर तुझं बरं होणं फुकट. आणि हो, निरोध केबिनमध्ये इंजिनाजवळ ठेवू नकोस, उष्णतेनं रबर खराब होतं. पाकीट हातात घेताना क्लीनर आजूबाजूला बघतो. चार खाटांवरून चार हात पुढं आलेले असतात.

इथून पुढचा प्रवास भरभर करू. 1 एप्रिल 2004 पासून सरकारनं निवडक रुग्णालयांत एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली, मुंबईतलं जे. जे. रुग्णालय त्यातलं एक. त्या बाकावरच्या मुलीसारख्यांना जगायची संधी मिळाली. काचेची सिरिंज गेली, एकदाच वापरायची आली. पैसे घेऊन रक्त विकण्यावर बंदी तर 1998 मध्येच आली होती, पेढीतली प्रत्येक बाटली तपासली जाऊ लागली होती. न्हाव्याकडे गिऱ्हाईकच सांगू लागलं, "नवं ब्लेड टाक."

आणि हे बघा, तुम्ही आजच्या चंदनसारात परत आलात. चप्पल घाला.

आज तुमच्या हाताशी जे आहे ते त्या दवाखान्यातल्या, गाडीतल्या, जिन्यावरच्या कुणाकडेच नव्हतं. बाळ जन्मल्यावर चोवीस तासांत हिपॅटायटिस बीची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ती चुकवू नका. हिपॅटायटिस सी आता बहुतेकांना साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधंही मोफत आहेत. एचआयव्ही असलेला माणूस रोज औषध घेत असेल आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडत नसेल, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. धोक्याचा प्रसंग घडलाच, तर 72 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात पोचा. संसर्ग टाळणारी औषधं तिथं मिळतात. आणि 2017च्या कायद्यानं तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करणं, रिपोर्ट इतरांना सांगणं किंवा त्यावरून नोकरीवरून काढणं बेकायदा ठरवलं आहे.

तुम्ही कधी जत्रेत गोंदवून घेतलं असेल, लहानपणी उकळलेली सुई टोचून घेतली असेल, कधी निरोध विसरला असाल, किंवा यातलं काहीच आठवत नसेल, तरी एकदा रक्त तपासून घ्या. जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्र, कुठं आहे ते विचारा. विचारायला संकोच वाटला तर 1097 फिरवा. फोन मोफत आहे, आणि पलीकडचा माणूस तुमचं नाव विचारण्याआधी तुमचा प्रश्न ऐकून घेतो.